विश्लेषण : घरकुल मंजूर, संसार ताडपत्रीखाली! जुने घर पाडल्यापासून नव्याचा स्लॅब पडेपर्यंत कुटुंब राहते कुठे?

घरकुलाचा मंजुरी आदेश हातात पडला की गावात पहिले काम निघते ते जुने घर पाडण्याचे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावसारख्या गावांत बहुतेकांकडे दुसरी जागा नसते. जिथे मातीच्या भिंतीचे, कवेलूचे घर उभे आहे, त्याच जागेवर सिमेंटचे उभे करायचे असते. म्हणून आधी कवेलू उतरवायचे, मग फाटे आणि मयाली काढायच्या, मग भिंत. दोन-चार दिवसांत घर जमीनदोस्त होते. नवे घर मात्र दोन-चार दिवसांत होत नाही. मधल्या महिन्यांत ते कुटुंब ताडपत्रीच्या झोपडीत, गोठ्यात, भावकीच्या सपरीत किंवा एखाद्या भाड्याच्या खोलीत राहते. हा काळ योजनेच्या कोणत्याही रकान्यात नाही. तो नेमका कसा जातो आणि तो का लांबतो, याचा हा आढावा.

‘लाभार्थी’ की बेघर?

सरकारी कागदावर हे कुटुंब ‘लाभार्थी’ आहे. बेघर नाही. जनगणनेच्या भाषेत बेघर म्हणजे ज्याचा मुक्काम कोणत्याही घरात नाही, म्हणजे जो उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, पाइपांत, देवळाच्या मंडपात किंवा फलाटावर राहतो तो. 2011 च्या जनगणनेत देशात अशा 17.73 लाख लोकांची नोंद झाली. महाराष्ट्रात ती संख्या सुमारे 2.10 लाख होती. स्वतःच्याच जागेत, स्वतःच्याच अर्धवट भिंतींशेजारी बांबू रोवून राहणारे कुटुंब या आकड्यात बसत नाही. त्याच्याकडे रेशनकार्ड आहे, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, मंजुरीचा क्रमांक आहे. फक्त छप्पर नाही.

शहरातल्या बेघरांसाठी निदान एक चौकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, त्यात माणशी किमान 50 चौरस फूट जागा असावी, असे ठरले. प्रत्यक्षात किती निवारे चालतात हा वेगळा विषय. पण निकष तरी आहे. ग्रामीण भागात, त्यातही सरकारी योजनेमुळेच काही महिन्यांसाठी घराबाहेर पडलेल्यांसाठी, असा निकष कुणी लिहिलेलाच नाही.

पैसे किती आणि केव्हा?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण 2016 मध्ये सुरू झाली. सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये, डोंगराळ व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 269 चौरस फुटांचे. यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. याशिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी 12 हजार रुपये मिळू शकतात. 2025-26 च्या 312 रुपये दराने 90 दिवसांची मजुरी 28 हजार 80 रुपये होते. सारे धरून 1 लाख 60 हजार. चौरस फुटाला साधारण 595 रुपये.

ही 1.20 लाखांची मूळ रक्कम 2016 पासून तेवढीच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी 2 कोटी घरांना मंजुरी देत योजना 2028-29 पर्यंत वाढवली, तेव्हाही दर तोच ठेवला. मधल्या काळात सिमेंट, लोहा, विटा, मिस्त्रीची रोजी यांचे काय झाले हे घर बांधणाऱ्या कुणालाही विचारावे. राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांना आणखी 50 हजार रुपये जाहीर केले. त्यातले 35 हजार बांधकामासाठी आणि 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. ही वाढ योग्यच होती, पण अपुऱ्या रकमेत घातलेली ती भर आहे.

मात्र मधल्या महिन्यांचा प्रश्न रकमेपेक्षा हप्त्यांच्या क्रमात दडलेला आहे. मंजुरी मिळाली की पहिला हप्ता येतो 15 हजारांचा. जोता, म्हणजे ज्याला सारे ‘प्लिंथ’ म्हणतात, तो झाला आणि त्याचा जिओ-टॅग फोटो चढला की दुसरा, 70 हजारांचा. पुढे भिंती वर गेल्या की 30 हजार आणि घर पूर्ण झाल्यावर शेवटचे 5 हजार. म्हणजे घर पाडायचे, मलबा हटवायचा, पाया खोदायचा, कॉलम उभे करायचे, जोता भरायचा, हे सगळे 15 हजारांत. ते होत नाही. बाकीचे पैसे बचत गटातून, धान विकून, सोनाराकडून किंवा आठवड्याला हप्ता मागायला दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्सकडून उभे राहतात. दार नसले तरी हप्ता मागणारा येतोच.

जोता झाल्यावर अभियंत्याने यायचे, फोटो काढायचा, पंचायत समितीत तो तपासायचा, निधीची मागणी जायची आणि पैसे खात्यात यायचे. या साखळीतली एक कडी अडली तरी कुटुंब जोत्यावर थांबते. 2025 मध्ये महाराष्ट्राला एकाच वेळी सुमारे 20 लाख घरांचे उद्दिष्ट मिळाले. फेब्रुवारीत मंजुरीपत्रे वाटली गेली, 10 लाख कुटुंबांच्या खात्यात पहिला हप्ता गेला. इतक्या मोठ्या संख्येने मंजुरी देणे ही साधी गोष्ट नाही, हे मान्यच करायला हवे. पण इतक्या मोठ्या संख्येने घरे पाडलीही गेली. आणि नंतर राज्याच्या अनेक भागांतून दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याची वाट पाहणाऱ्यांच्या बातम्या येत राहिल्या.

झोपडीतला दिवस

चार बांबू, वर ताडपत्री, बाजूला जुन्या साड्या किंवा जुन्याच घराचे टिनपत्रे. खाली शेणाने सारवलेली जमीन. आकार म्हणाल तर दहा बाय बारा. यात पाच माणसे, दोन कपाटे, एक पलंग, गॅसचे सिलिंडर आणि धानाची पोती. घर पाडताना सामान कमी होत नाही, फक्त भिंती जातात.

सगळ्यात आधी प्रश्न येतो धानाचा. झाडीपट्टीतल्या घरात वर्षभराचा तांदूळ घरातच असतो. मातीच्या घरात त्यासाठी ठरलेली कोरडी जागा असते. ताडपत्रीखाली ती नसते. पोती विटांवर ठेवायची, वरून प्लास्टिक टाकायचे आणि रात्री उंदरांचा आवाज ऐकत पडायचे. धानाला ओल लागली की भाव पडतो आणि घरच्या ताटातही तोच वास येतो. म्हणून पुष्कळजण घर पाडण्याआधीच मिळेल त्या भावाने धान विकून टाकतात. घरकुलाच्या हिशोबात हे नुकसान कुणी धरत नाही.

उंदरांमागून साप येतो. विदर्भात पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीची भीती असते. हा साप रात्री फिरतो, त्याचा दंश पुष्कळदा झोपेतच होतो आणि इतका कमी दुखतो की माणसाला कळतही नाही. पलंग असला तरी तो एकच असतो. त्यावर कोण झोपणार, म्हातारी आई की लहान पोर, हे घर रोज रात्री ठरवते. अनेक घरांत म्हाताऱ्यांना अशा वेळी लेकीकडे पाठवतात. ‘चार दिवस राहून ये’ म्हणून गेलेली आजी स्लॅब पडल्याशिवाय परतत नाही. जावयाच्या घरी इतके दिवस राहणे तिला किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

बायांचा दिवस अंधारात सुरू होतो. जुन्या घराच्या मागे सांदवाडीत न्हाणी होती. तिथे आता गिट्टीचा ढीग असतो. साडीचा आडोसा करून, उजाडायच्या आत अंघोळ आटपायची. शौचालय मलब्यात गेले असेल तर शेजारी किंवा पुन्हा शेताकडे. गाव हागणदारीमुक्त असल्याचा फलक मुख्य रस्त्यावर तसाच असतो. वयात आलेल्या मुलींची कुचंबणा सर्वाधिक. मासिक पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला, धुवायला, वाळवायला जागा नसते. काही मुली त्या दिवसांत शाळेत जास्त वेळ थांबतात, तर काही शाळेतच जात नाहीत. दोन्हींचे कारण एकच असते.

स्वयंपाक जमतो. चूल कुठेही मांडता येते आणि गॅस असला तर आणखी सोपे. पण ताडपत्रीच्या आत गॅस पेटवायचा म्हणजे धास्ती, बाहेर पेटवायचा तर वारा. पावसात भात शिजवायचा तर एकाने छत्री धरायची. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा दुपारी टिनाखाली थांबवत नाही. कुटुंब कडुलिंबाखाली किंवा देवळात जाऊन बसते. डिसेंबरात त्याच झोपडीत रात्री काकडायला होते.

विजेचे आणखी वेगळे. मीटर जुन्या भिंतीवर होते. भिंत पडली की मीटर काढून ठेवावे लागते किंवा एखाद्या खांबाला बांधावे लागते. मग शेजाऱ्याकडून एक वायर घ्यायची, त्यावर एक बल्ब, एक पंखा, मोबाइलचे चार्जिंग. ओल्या जमिनीवरून गेलेली ती वायर लहान मुलांच्या पायांत येते. दहावीचा मुलगा त्या एका बल्बखाली अभ्यास करतो, पण आजोबांना झोपायचे असले की बल्ब बंद. शिक्षकांना हे बहुतेकदा ठाऊक असते. गृहपाठाची वही भिजली असे मुलाने सांगितले तर ते खरे असू शकते, हेही त्यांना कळते.

आणि पाहुणे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार, नाटके होतात, लेकी-जावई, सोयरे मुक्कामाला येतात. मुलींची स्थळेही याच दिवसांत पाहिली जातात. झोपडीत राहणारे घर त्या वर्षी कुणाला ‘या’ म्हणत नाही. ‘घर झाल्यावर लग्नाचे पाहू’ हे वाक्य अशा घरांत सर्रास ऐकू येते. घर एका वर्षाने लांबले की लग्नही एका वर्षाने लांबते.

माग कुठे ठेवायचा?

आंधळगावचे नाव जिल्ह्याबाहेर माहीत आहे ते कोशाच्या कापडासाठी. टसर रेशमाला इथे कोसा म्हणतात आणि कोष्टी समाजातली कुटुंबे हातमागावर त्याच्या साड्या आणि कापड विणत आली आहेत. हातमाग घरातच असतो. खड्डामाग तर जमिनीतच बसवलेला असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. असे घर पाडायचे म्हणजे कारखानाही बंद करायचा. ताणा भिजला तर संपला, म्हणून ताडपत्रीखाली माग लावता येत नाही. जितके महिने घर नाही तितके महिने विणकाम नाही, मजुरी नाही. म्हणजे घरासाठी सर्वाधिक पैसे लागतात त्याच दिवसांत कमाई थांबते.

नवे घर झाल्यावरही पेच सुटत नाही. 25 चौरस मीटरमध्ये एक खोली, स्वयंपाकाची जागा आणि सपरी बसते. माग बसवायचा तर माणसे कुठे झोपणार? घरकुलाचा नकाशा करताना माणूस घरात फक्त राहतो असे गृहीत धरले आहे. विणकर, विडी वळणारी बाई, शिवणयंत्र चालवणारी, बांबूच्या टोपल्या विणणारा बुरूड हे सारे घरातच काम करतात. हातमाग असलेल्या कुटुंबाला शेजारी काढता येण्याजोगी पत्र्याची शेड आधी दिली आणि मग घर पाडायला सांगितले, तर त्याची कमाईही चालू राहील आणि रात्रीचा निवाराही होईल. वस्त्रोद्योग एका खात्याकडे आणि घरकुल दुसऱ्याकडे, म्हणून हे सुचत नसावे.

रेती शेजारी, तरी दूर

मोहाडी तालुक्याला रेतीचे अप्रूप नसावे. वैनगंगा जवळ आहे, तिला मिळणारी सूर नदी आहे. इथली रेती नागपूरच्या इमारतींना जाते. ट्रक रात्रंदिवस धावतात आणि रेतीचोरीच्या कारवायांच्या बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. अशा भागात घरकुलवाल्याला चार ट्रॅक्टर रेतीसाठी वणवण करावी लागते. घाटांचे लिलाव रखडतात, मग उरते ती चोरीची रेती, आणि तिचा भाव चोर ठरवतो.

राज्याने 2025 च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्याला 5 ब्रास रेती मोफत देण्याचे ठरवले. निर्णय चांगला. पण रेती मोफत असली तरी वाहतूक मोफत नसते, आणि पास मिळेपर्यंत पावसाळा लागला तर सगळेच थांबते. 10 जून ते 30 सप्टेंबर या काळात नदीपात्रातून उपसा बंद असतो. तो पर्यावरणासाठी आवश्यकही आहे. मार्चअखेरच्या उद्दिष्टासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजुरी, एप्रिलमध्ये घर पाडणे, मेमध्ये जोता, जूनमध्ये रेती बंद. आर्थिक वर्ष आणि पाऊस यांचे कॅलेंडर जुळत नाही आणि त्याचा भार झोपडीतले कुटुंब वाहते. शिवाय पाऊस पडला की रोवणी सुरू होते. मिस्त्री, मजूर आणि घरमालक सगळेच बांधीत उतरतात. रोवणी सोडून भिंत बांधणारा धानपट्ट्यात सापडणार नाही.

पावसाळ्यात माणसाला छपराबाहेर काढू नये, हे तत्त्व या देशाला नवे नाही. मुंबईच्या पदपथवासीयांच्या गाजलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला झोपड्या हटवण्याचा अधिकार मान्य केला, पण पावसाळ्याचा त्रास ध्यानात घेऊन 31 ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका असे बजावले. अतिक्रमण म्हणून ठरलेल्या झोपडीला जी सवड मिळाली, ती स्वतःच्या जागेवर कायदेशीर घर बांधणाऱ्याला योजनेच्या वेळापत्रकात मिळत नाही.

मुंबईत भाडे मिळते, गावात का नाही?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीधारकाला घर रिकामे करायला सांगितले की विकासकाने त्याला एकतर संक्रमण शिबिरात जागा द्यावी लागते किंवा भाडे. विकासक भाडे बुडवतात अशा तक्रारी वाढल्यावर प्राधिकरणाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची अट घातली. तिथेही भाडे थकते, आंदोलने होतात. पण ‘मधल्या काळात तुम्ही कुठे राहाल’ हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर कुणाच्या तरी खिशातून द्यायचे असते.

ग्रामीण घरकुलात तो प्रश्नच विचारलेला नाही. गृहीत असे आहे की गावात माणूस कसाही राहतो, भावकी असते, गोठा असतो. हे पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. आता भावकीचीही घरे दोन खोल्यांची आहेत आणि अनेकदा तीही पाडलेली असतात, कारण एकाच आळीत एकाच वेळी पाच-सहा घरकुले मंजूर होतात. भाड्याची खोली गावात मिळत नाही. मिळाली तर शिक्षक आणि बँकेचे कर्मचारी तिचा भाव वाढवून गेलेले असतात. ज्याच्या नावावर जागाच नाही त्याचा प्रश्न आणखी मागचा आहे. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत मिळणारी मदत 50 हजारांवरून 1 लाख रुपये केली गेली, पण रस्त्याला लागून असलेल्या गावांत त्या पैशांत गावठाणालगत तुकडा मिळणे कठीणच.

‘तात्पुरते’ म्हणजे किती?

तात्पुरती व्यवस्था लांबते, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. पक्की घरे होईपर्यंत कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. रायगडमधील इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना चौक येथे कंटेनरमध्ये ठेवले गेले आणि पक्क्या घरांसाठी त्यांची वाट वर्षाहून लांबली. म्हाडाच्या मुंबईतील संक्रमण शिबिरांत तर तीन-तीन पिढ्या राहिल्या. मोडकळीला आलेल्या चाळीतून ‘थोड्या दिवसांसाठी’ हलवलेल्यांची नातवंडे तिथेच वाढली. पुढे मूळ रहिवासी, मुखत्यारपत्रावर खोली घेणारे आणि घुसखोर अशी त्यांची अ, ब, क वर्गवारी करण्याची वेळ सरकारवर आली.

या उदाहरणांशी आंधळगावच्या झोपडीची थेट तुलना होणार नाही. तिथे दरड कोसळली नाही. पण म्हणूनच तिची दखलही घेतली जात नाही. आपत्ती आली तर तहसीलदार येतात, पंचनामा होतो, धान्य मिळते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यात घरे पडली तेव्हा लोकांना शाळा-सभागृहांत हलवले गेले. घर स्वतःच्या हाताने पाडलेल्याला मात्र तीच शाळा पावसाच्या रात्री उघडून मिळेल का, हे सरपंचाच्या मर्जीवर ठरते.

दूरचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाने तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलेल्या कुटुंबांची संख्या आज सव्वा लाखाहून अधिक आहे. श्रीमंत देशालाही हा प्रश्न सुटलेला नाही. पण मुलेबाळे असलेल्या कुटुंबाला सामायिक स्वयंपाकघर-न्हाणीघर असलेल्या लॉजसारख्या जागेत सहा आठवड्यांहून अधिक ठेवता येणार नाही, अशी मर्यादा तिथे 2004 पासून लागू आहे. ती वारंवार मोडली जाते. पण मोडली हे मोजता येते, किती कुटुंबांबाबत मोडली हे छापून येते आणि त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे घर पूर्ण करायला मंजुरीपासून 12 महिन्यांची मुदत आहे. ती लाभार्थ्याला लागू होते. हप्ता उशिरा आला तर यंत्रणेला काय लागू होते?

काय करता येईल?

यासाठी नवी योजना नको. हप्त्यांचा क्रम बदलला तरी निम्मा प्रश्न सुटेल. पहिला हप्ता किमान जोत्यापर्यंत पुरेल इतका हवा. पैसे घेऊन बांधकाम न करणाऱ्यांची भीती प्रशासनाला वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. पण त्यासाठी राहते घर पाडून बसलेल्याला 15 हजारांवर रखडवणे हा उपाय नव्हे. ज्याने घर पाडले तो पळून कुठे जाणार?

दुसरे, रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी. ती कुटुंबाला सर्वाधिक उपयोगी पडेल ती याच महिन्यांत, पण मस्टर उशिरा निघते आणि पैसे घर झाल्यावर येतात. तिसरे, मंजुरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिली तर धान घरात आलेले असते, मजूर मोकळे असतात, रेतीउपसा सुरू असतो आणि जूनआधी स्लॅब पडू शकतो. हे प्रत्येक ग्रामपंचायत अधिकाऱ्याला कळते; ज्यांच्या हातात उद्दिष्टाची तारीख आहे त्यांना ते सांगण्याची सोय नाही.

आणि ताडपत्री. लोखंडी पाइप, पत्रे आणि एक जाड ताडपत्री असा संच ग्रामपंचायतीने घेऊन ठेवला तर घरामागून घर तोच वापरता येईल. लग्नाचा मंडप गावाला भाड्याने मिळतो, तसा हा मिळावा, फक्त भाडे न घेता. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळाखोल्या, वापरात नसलेले समाजमंदिर यांची यादी करून पावसाळ्यापुरती ती खुली करणे ग्रामसभेच्या एका ठरावाचे काम आहे.

घर पाडण्याआधी

यंत्रणा बदलेपर्यंत ज्यांच्या हातात आज मंजुरी आदेश आहे त्यांनी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. जागा थोडीही मोकळी असेल तर जुने घर उभे ठेवून शेजारी बांधता येते का, हे गृहनिर्माण अभियंत्याला विचारावे. नवे घर जुन्याच पायावर असले पाहिजे अशी सक्ती नाही. पूर्ण घर पाडण्याऐवजी मागची एक खोली शेवटपर्यंत ठेवता येते. पहिला हप्ता खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय, केवळ यादीत नाव आले म्हणून, कवेलू उतरवू नयेत. आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का हे आधीच तपासावे, कारण पुष्कळ हप्ते तिथेच अडकतात. रेतीचा अर्ज मंजुरीच्याच आठवड्यात द्यावा. जॉब कार्ड चालू आहे ना, मस्टर कधी निघणार, हे रोजगार सेवकाकडून लिहून घ्यावे. मीटर काढण्यापूर्वी वीज कार्यालयात अर्ज दिला तर नंतर नव्या जोडणीचा खर्च आणि हेलपाटे वाचू शकतात.

जोता झाला की त्याच दिवशी स्वतःच्या मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवावा आणि अभियंत्याला जिओ-टॅगिंगसाठी लेखी कळवून पोच घ्यावी. हप्ता आला नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथेही दाद लागली नाही तर भंडाऱ्याला जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे तक्रार करताना ही पोच कामी येते. अर्जात एक ओळ आवर्जून लिहावी : जुने घर कोणत्या तारखेला पाडले आणि तेव्हापासून कुटुंब कुठे राहते आहे. कारण अर्जाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.